मेहताबचे पाचवे ट्यूटोरिअल

खर्डा, २० नोव्हेंबर १९७२

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्या वह्या उघडून वाचत. म्हणून मी रोजनिशी मराठीत लिहायला लागले. त्यांना मराठी वाचता येत नसे. आता वाचणारे कोणी उरले नाही, पण सवय उरली आहे.

नगरच्या मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून मी जूनमध्ये निवृत्त झाले. त्यानंतर भावाच्या घरी बसून पाहिले. भावजय रोज दुपारी विचारी, “वन्सं, पडायचं नाही का थोडं?” असेच पडत राहिले तर पुढे मला उठवायला माणसे लागतील, हे ओळखून मी येथे आले.

खर्ड्याला किल्ला आहे, तेव्हा कॉलेजही असावे, आणि ते जामखेडला निघायच्या आधी निघावे, असे येथल्या आबासाहेबांना वाटले. त्यांनी संस्था काढली. कापसाच्या जुन्या गोदामात भिंती घालून खोल्या पाडल्या आणि जूनपासून मॅट्रिकनंतरचा प्री-डिग्रीचा वर्ग सुरू झाला. इंग्रजीचे प्राध्यापक दिवाळीला घरी गेले ते परतले नाहीत. प्राचार्य तरुण आहेत, हिंडून हिंडून थकलेले दिसतात. मार्चपर्यंत मी वर्ग सांभाळावा अशी त्यांची विनंती आहे.

कामाचे स्वरूप त्यांनी सांगितले ते असे. प्रत्येक विद्यार्थ्याने या टर्ममध्ये पाच ट्यूटोरिअल लिहून द्यायची, म्हणजे पाच इंग्रजी निबंध. मी ती तपासून दहापैकी गुण द्यायचे. गुण कमी पडले तर चालते, पण पाचातले एक जरी राहिले तरी टर्म मिळत नाही. टर्म नाही म्हणजे एप्रिलच्या परीक्षेला बसता येत नाही आणि वर्ष वाया जाते. टर्मच्या पत्रकावर प्रत्येक नावापुढे माझी सही लागेल.

“फार खोलात जाऊ नका, बाई,” ते म्हणाले. “आधीचे सर सगळ्यांना सहा देत. कुणाची तक्रार नसे.”

“मग ते तपासत काय होते?”

“ट्यूटोरिअल आलं की नाही, ते.”

मालनबाई म्हणून एक विधवा आहेत, त्यांच्याकडे खोली घेतली आहे. पाणी त्या आणून देणार, आणि मी ते बेतानेच वापरावे असे त्यांनी दोनदा सांगितले.

२७ नोव्हेंबर

पहिला तास. अकरा विद्यार्थी; त्यांत दोन मुली, चांगुणा आणि मेहताब. पुढच्या बाकावर बसतात.

सगळ्यांच्या बोटांना मळक्या चिंध्या गुंडाळलेल्या. मी म्हटले, आधी हे सोडा, वर्ग आहे हा. कोणी हलले नाही. मेहताब म्हणाली, “बाई, सोडलं तर पेन धरवत न्हाई.”

गावाबाहेर दुष्काळी काम निघाले आहे. रस्त्याची खडी फोडायची. अख्खा वर्ग तिथे जातो. सकाळी कॉलेज, तिथून थेट खडीवर. मापे टोळीची घेतात, म्हणून वर्गाने आपलीच एक टोळी केली आहे.

दुष्काळ पडला आहे हे मला माहीत आहे. पण दुष्काळ पडला म्हणून क्रियापद कर्त्याला सोडून रानोमाळ हिंडायला लागत नाही, आणि या वर्गात ते हिंडते. पहिले ट्यूटोरिअल दिले: माझे गाव, एक पान.

४ डिसेंबर

अकरा कागद आले. अकराही कागदांवर वटवाघळे.

“आमच्या गावाचा किल्ला फार म्हातारा असून त्यात वटवाघळांशिवाय कोणी राहत नाही.” एकच वाक्य, अकरा वेळा, एकाच चुकीसकट. पुढचेही सगळे तेच. लाज वाटून एखादा शब्द बदलण्याचेही कष्ट कोणी घेतलेले नाहीत.

अशा वेळी मूळ लिहिणारा शोधायचा आणि बाकीच्यांना शून्य द्यायचे, ही माझी रीत. मूळ कागद सहादेवचा ठरला. बाकीच्यांचे अक्षर बघून उतरवणाऱ्याचे, त्याचे ठाम. त्याला सात दिले, दहा जणांना शून्य. गुण वर्गात वाचून दाखवले. कोणी कुरकुरले नाही, हेच मला आवडले नाही.

सहादेव उभा राहिला. आडदांड मुलगा, मान खाली घालून बोलतो. “बाई, मला बी शून्यच द्या.”

“का?”

“समद्यांचं जे हाय ते माजं.”

“हा बाजार नाही, सहादेव. इथे गुणांची घासाघीस होत नाही. खाली बस.”

तो बसला. ही नम्रता होती की उर्मटपणा, ते मला ठरवता आलेले नाही. बहुधा उर्मटपणा.

१८ डिसेंबर

दुसरे ट्यूटोरिअल. विषय पाणी. पुन्हा अकरा कागद सारखे.

पण लिहिणारा तो नव्हे. वटवाघळे लिहिणाऱ्या हाताला हे सुचणार नाही. “आमच्या विहिरीचे पाणी घरातून न सांगता निघून गेलेल्या माणसासारखे गेले. आम्ही रोज वाकून बघतो.” इंग्रजी मोडके आहे, पण मी हे वाक्य वाचून थांबले, आणि उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

मूळ कागद सापडायला वेळ लागला नाही. चांगुणाच्या कागदावर एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला आहे, जास्त चांगला. बाकी दहा जणांनी चांगला तेवढा उतरवून घेतला. नक्कल करणारा दुसऱ्याची खाडाखोड घेत नाही.

चांगुणाला आठ. बाकी शून्य.

१९ डिसेंबर

चांगुणाला तास संपल्यावर थांबवले. मेहताब तिच्यासाठी दारात थांबली. या दोघी एकमेकींशिवाय गावात फिरत नाहीत.

“हे तू लिहिलंस.”

“समद्यांचंच हाय, बाई.”

“लिहिलं कुणी, ते विचारते आहे.”

“पाळी माजी हुती.”

मग हळूहळू बाहेर आले. ज्याची पाळी, तो त्या दिवशी खडीवर जात नाही. घरी बसून सगळ्यांसाठी लिहितो. त्याच्या वाट्याचा ढीग बाकीचे मिळून फोडतात. संध्याकाळी कामावरून आले की सगळे त्याचे बघून उतरवून घेतात. पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी.

“सावड हाय ना, बाई,” ती म्हणाली, आणि मला एवढेही माहीत नसावे याचे तिला नवल वाटलेले दिसले. “आज तुमी माज्या रानात, उद्या मी तुमच्या. खुरपायला, काढणीला करत्यात तशी.”

“ज्याचं काम त्यानं करायचं, हे तुम्हांला कुणी शिकवलंच नाही का?”

“काम तर समदी करत्यात.”

मी तिला सांगितले, खडी सावडीने फोडा. अक्कल सावडीने येत नाही. ट्यूटोरिअल म्हणजे तुझ्या डोक्यात काय आहे ते मला कळायचा एकच मार्ग आहे, आणि तुम्ही अकरा जणांनी तो बुजवला आहे. तिने मान खाली घातली. दारातून मेहताब अगदी शांतपणे म्हणाली, “बाई, एकट्यानं खडी बी फुटत न्हाई.”

ही मुलगी बोलते कमी, पण बोलते ते बसते.

जेवताना मालनबाईंना सांगितले, तर त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारले, “तुमी जन्मात समदं एकटीनंच क्येलं व्हय, बाई?”

मी होय म्हटले. त्यांनी वाटीत आणखी थोडी आमटी घातली.

२ जानेवारी १९७३

नवी व्यवस्था जाहीर केली. राहिलेली तीन ट्यूटोरिअल वर्गात, माझ्या डोळ्यांसमोर, एका बाकावर एक. बाजाराच्या दिवशी खडीला सुट्टी असते, त्या दिवशी लिहायचे, म्हणजे सगळ्यांना येता येईल. ही मेहरबानी नव्हे. वर्ग रिकामा असेल तर परीक्षा कोणाची घ्यायची?

खडीची सावड तुमची तुम्ही बघा, असेही सांगितले. तिच्याशी मला कर्तव्य नाही.

८ जानेवारी

तिसरे ट्यूटोरिअल. अकरा वेगवेगळे कागद. मला अकरा वेगवेगळी माणसे पहिल्यांदा भेटली.

सहादेव चार. त्याचे ठाम अक्षर आज जागोजागी थबकले आहे. मेहताब सहा; लहान वाक्ये, एकही खोटे नाही. चांगुणा आठ. कानिफनाथ म्हणून मागच्या बाकावर एक मुलगा आहे, त्याला दोनच देता आले. मला वाटले तोंड पाडील. तो कागद दोन्ही हातांत धरून बघत राहिला आणि म्हणाला, “ह्ये माजं सवताचं हाय, बाई.”

प्राचार्यांना हे मुद्दाम जाऊन सांगितले. ते म्हणाले, “पण दोनच?”

२२ जानेवारी

चौथे ट्यूटोरिअल झाले. चांगुणाला आठच दिले, पण ती आता आठात मावत नाही.

अशी मुलगी शिक्षकाला वारंवार मिळत नाही. तिला इतरांच्या मापाने काम देणे म्हणजे तिला उपाशी ठेवणे. मी माझ्या पेटीतले एक जाड पुस्तक तिला दिले आणि सांगितले, हे वाच आणि त्यावर सविस्तर लिहून आण. हे ट्यूटोरिअल नव्हे, खास तुझ्यासाठी. आठवड्याभरात.

“येवढ्यात व्हईल का, बाई?”

“का? तुला दुसरं काय करायचं आहे?”

तिने हात पाठीमागे घेतले. मेहताब शेजारीच होती. “कर की गं. मी बघते तुजं,” ती हळूच म्हणाली.

काय बघणार होती, ते मी विचारले नाही. मुलींची कुजबुज मी इतकी वर्षे ऐकत आले आहे. तिच्यात सहसा काही नसते.

३० जानेवारी

चांगुणाने निबंध आणून दिला. मी तो उभ्यानेच वाचला आणि मग बसून पुन्हा वाचला. नऊ दिले. मी नऊ देणारी बाई नाही.

तिच्या बोटांना आज चिंध्या नव्हत्या. जखमा भरून आलेल्या. हातोडा थोडे दिवस सुटला की बोटे कशी माणसात येतात बघ, असे मी तिला म्हटले. तिने बोटे मिटून घेतली. नऊ मिळाल्याचाही आनंद दिसला नाही. हुशार मुलींना आनंद दाखवायची लाज वाटते.

मेहताब तासाला नव्हती. चांगुणा म्हणाली, डोळ्यात दगडाची कपची गेली आहे. मी बोरिकच्या कोमट पाण्याने धुवायला सांगितले. कॉन्व्हेंटमध्ये सगळ्यावर तेच औषध होते.

१२ फेब्रुवारी

पाचवे आणि शेवटचे ट्यूटोरिअल आज वर्गात झाले. विषय, एका दिवसाचे काम. मेहताब आलेली नव्हती. तिला डोळ्यासाठी नगरला नेले आहे असे कळले. दहा विद्यार्थी बसले, दहा कागद मिळाले, म्हणून मी निर्धास्तपणे घरी आले.

दुपारी तपासायला घेतले. चांगुणाचा कागद नाही. आणि एका कागदावर, वर, स्वच्छ अक्षरांत नाव: मेहताब. अक्षर चांगुणाचे. ते लपवायचा काही प्रयत्न नाही.

मालनबाईंना पाठवून तिला बोलावून घेतले.

“हे काय आहे?”

“मेहताबचं हाय, बाई.”

“मेहताब नगरला आहे.”

“व्हय. म्हून तिचं म्या लिवलं.”

“आणि तुझं?”

“येळ तेवढाच हुता. येकच झालं.”

मी तिला समोर बसवले आणि एकेक करून सांगितले. उतरवलेले कागद निदान ज्याच्या त्याच्या हातचे होते, म्हणून शून्यावर भागले; जे मेहताबने लिहिलेच नाही ते मेहताबचे धरता येत नाही. तुझे तर आलेलेच नाही. म्हणजे दोघींचे पाचवे ट्यूटोरिअल राहिले, दोघींची टर्म जाणार. एका कागदात तू दोन वर्षे घालवलीस. हे तुझ्यासारख्या मुलीला कळत नव्हते?

“कळत हुतं.”

“मग?”

“तिची फेड हुती. मी तुमचं पुस्तक वाचाया घरी बसले, तवा माजा ढीग तिच्याकडं हुता. सादेव म्हनला, आमी वाटून घेतो. तिनं दिला न्हाई, म्हनली, माजी मैतरीन हाय. दोन ढीग उरकताना उडाली कपची.” ती रडत नव्हती. “माजी टर्म गेली तर वैशाखात आमचे आण्णा लगीन लावून मला उजवून टाकनार. बोलनं झालंय त्यांचं. ते माजं मी बघंन. पर तिची न्हाई जाऊ द्यायची.”

मी तिला घरी पाठवले.

अपघात कुठेही होतो. स्वयंपाकघरात होतो, देवळाच्या पायरीवर होतो. कपची कोणाच्या ढिगातली आहे हे बघून उडत नाही. आणि पुस्तक वाचून कोणाचा डोळा दुखावत नाही.

१३ फेब्रुवारी

प्राचार्यांना सांगितले. पत्रक या महिन्याच्या वीस तारखेला पाठवायचे आहे.

“द्या ना सहा-सहा दोघींना,” ते म्हणाले.

“कशाबद्दल?”

“बाई, वर्गात मुली दोन. दोघींची टर्म गेली तर पुढच्या वर्षी गावातून एकही मुलगी येणार नाही. आबासाहेब मला विचारतील.”

“मग आबासाहेबांनी लिहून द्यावीत.”

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरे झाले असते. टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, “तुम्ही अडवलंत तर त्यांचं वर्ष जाईल. मी सहा दिले तर कुणाचं काय जाईल, ते मला सांगा.”

“त्यांचंच जाईल. आपण काय लिहिलं ते कुणी वाचलंच नाही, हे त्यांना कळेल. एकदा कळलं की पुढे त्या लिहिणार नाहीत, नुसते कागद भरतील.”

हे मला शंभर टक्के खरे वाटते. तरी बाहेर पडताना मी जिंकल्यासारखी बाहेर पडले नाही.

घरी मालनबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “गनीभाईची पोरगी आली नगरवरनं. डोळा गेला म्हनं.”

१५ फेब्रुवारी

काल काही लिहिले नाही. आज मेहताबच्या घरी गेले.

तिचे वडील गनीभाई गाद्या भरणारे पिंजारी. कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टांगलेली आहे आणि तिच्या तातीवर धूळ आहे. यंदा कोणी नवी गादी करत नाही. त्यांनी मला बसायला चटई घातली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. मेहताब आत भिंतीला टेकून होती. डाव्या डोळ्यावर पट्टी. त्या डोळ्याने आता दिसणार नाही. उजव्याला ताण नको म्हणून महिनाअखेरपर्यंत वाचायचे नाही, लिहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

मी काहीतरी बोलायचे म्हणून बोरिकच्या पाण्याचे विचारले. गनीभाई म्हणाले, “क्येलं हुतं, बाई. तुमी सांगितल्यालं समदं क्येलं.”

 मग त्यांनीच विचारले, “हिचं कॉलेज व्हईल का, बाई? शिवनकाम शिकवायचा इचार हुता माजा. आता सुईत दोरा ववायला बी अवघड. पर शिकवायला येक डोळा पुरंल. मास्तरीन व्हईल.”

मी म्हटले, बघते. हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या आईबापांना कधी दिलेला नाही. होय किंवा नाही, एवढेच मी सांगत आले.

निघताना मेहताब म्हणाली, “चांगुनाला रागवू नका, बाई. तिला म्या सांगितलं न्हवतं लिव म्हून. पर तिच्या जागी मी बी लिवलं असतं.”

१६ फेब्रुवारी

कॉलेजात नियमांचे पुस्तक मागवले आणि तास संपल्यावर वाचले. ज्याला स्वतः लिहिणे शक्य नाही अशा विद्यार्थ्याने सांगावे आणि दुसऱ्याने ते उतरवून घ्यावे, अशी सोय आहे. उतरवून घेणाऱ्याने पदरचा शब्द घालता कामा नये, एवढीच अट. तो कोण असावा, हे दिलेले नाही.

चांगुणाने मेहताबच्या नावाने लिहिलेला कागद मी फाडून टाकला. तो चांगला होता. ती मेहताबसारखी लहान वाक्ये लिहायला बसली होती आणि तिला ते साधले होते.

चांगुणाचा जाड पुस्तकावरचा निबंध तिचे पाचवे ट्यूटोरिअल म्हणून धरला. तो तिनेच लिहिला, यात शंका नाही. तो लिहीत असताना तिचा ढीग कोण फोडत होते, असा रकाना पत्रकात नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी कागद, पेन आणि लिहायला पाट घेऊन गनीभाईंकडे गेले. मेहताबला विषय सांगितला. म्हटले, तू इंग्रजीत बोल, मी लिहिते. चुकलीस तर चूक लिहीन. शब्द अडला तर मी देणार नाही.

“मंग अडला तर काय करू?”

“थांब. मीही थांबते.”

गनीभाईंनी शेजारची पोरे अंगणातून हाकलली आणि स्वतः दारात पाठ करून बसले.

ती हळू बोलते. एक वाक्य मनात जुळवते, ओठांनी एकदा म्हणून बघते, मग मोठ्याने सांगते. तिने सांगितले त्याचा अर्थ येथे मराठीत ठेवते. मोठे दगड सकाळीच फोडायचे, दुपारी हात साथ देत नाहीत. हातोडा वर जाताना हलका असतो, खाली येताना त्याला जोर लागत नाही, नेम लागतो. बघायचे ते हातोड्याकडे नाही, दगडाच्या शिरेकडे. आजूबाजूला सगळे बोलत असतात. गप्प माणसाचा ढीग लवकर वाढतो, पण त्याच्या शेजारी बसायला कोणाला आवडत नाही. येथे मला हसू आले. तिला दिसले नाही.

एका शब्दाला ती फार वेळ अडली. मला तो शब्द जिभेवर आला होता. मी ओठ घट्ट मिटून बसले. शेवटी तिला तो सापडला नाही, तिने दुसरा साधा शब्द घेतला आणि पुढे गेली.

मग तिने सांगितले, “त्या दिवशी माझ्यापुढे दोन ढीग होते. एक माझा आणि एक चांगुणाचा. कारण आमच्या बाईंनी चांगुणाला एका आठवड्याचे लिहायचे काम दिले होते. संध्याकाळ झाली आणि मी घाई केली.”

मी लिहीत होते, ती थांबली.

“बाई, ह्ये ठिवू का?”

“कोणतं?”

“तुमचं नाव आलंय, त्ये.”

मी सांगितले, ट्यूटोरिअल तुझे आहे, काय ठेवायचे ते तूच ठरव. माझा आवाज नेहमीसारखा होता, निदान मला तसा वाटला. ती विचार करत राहिली. गनीभाईंनी दारातून मान वळवली.

“मंग ऱ्हाऊ द्या,” मेहताब म्हणाली. “तसंच झालं हुतं.”

मी वाक्य पूर्ण केले. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.

२० फेब्रुवारी

मी लिहिलेला कागद मी तपासणार नाही, असे सांगून मेहताबचे ट्यूटोरिअल प्राचार्यांसमोर ठेवले. त्यांनी खिशातून पेन काढले आणि कोपऱ्यात गुण घालायला हात पुढे केला.

“आधी वाचा,” मी म्हटले.

“बाई, पत्रक आजच्या टपालात जायचंय.”

“टपाल थांबेल.”

त्यांनी वाचले. पहिल्यांदा भरभर, मग पुन्हा वरून. शिपाई पाकीट घेऊन दारात आला, त्याला त्यांनी हातानेच थोपवले.

“यातल्या बाई म्हणजे...”

“मीच.”

ते माझ्याकडे बघायचे टाळून कागदाकडे बघत राहिले. मी तोवर पत्रक ओढून घेतले आणि अकराही नावांपुढे सह्या केल्या, सावकाश, प्रत्येक नाव वाचून.

“किती देऊ?” त्यांनी विचारले.

“तुम्ही वाचलंत, तुम्हीच ठरवा.”

ते पेन उघडे धरून बसून राहिले. एका मुलीला किती गुण द्यायचे हे ठरवणे किती कठीण असते, ते त्यांना आज पहिल्यांदा कळले असावे. मला ते पूर्वीपासून ठाऊक आहे, असे मी परवापर्यंत समजत होते.